आवाज कुणाचा?

(यवतमाळ जिल्ह्यातील महिला गटांच्या पथनाट्य शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

मला दिलेला विषय आहे बधिर कलावंतांचं नाटक. खुणांची भाषा आणि बोललेली भाषा, दोन्ही एकाच वेळी रंगमंचावर. जेवणाच्या आधी पाऊण तास आहे, तेवढ्यात मावेल ते सांगते. एक विनंती मात्र आधीच करते. हा विषय ‘अपंगांच्या सुप्त गुणांना वाव’ या खात्यात टाकू नका. त्या खात्यात टाकलं की आपण टाळ्या वाजवतो, डोळे पुसतो आणि घरी जातो. आपण इथे पथनाट्य करणाऱ्या, ठाण्यात जाणाऱ्या, बाईच्या बाजूने बोलणाऱ्या बायका आहोत. ‘तिच्या बाजूने बोलणं’ आणि ‘तिच्याऐवजी बोलणं’ यात फरक काय, हे मला या नाटकांकडे पाहून जितकं कळलं तितकं एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांत कळलं नव्हतं.

आधी शब्दांचं बघू. आपल्या गावांत ऐकू न येणाऱ्या पोरीचं नावच ‘मुकी’ पडतं. रेशनकार्डावर काहीही असो. सरकारी कागदांवर अनेक वर्षं ‘मूकबधिर’ होतं, आता ‘कर्णबधिर’ लिहितात. खरं तर तिचा गळा धड असतो. ती हसते, रडते, ओरडते. ऐकू येत नाही म्हणून तोंडची बोली तिच्यापर्यंत पोचली नाही, एवढंच. आणि भाषा तिला नसतेच असंही नाही. दुसऱ्या बधिर माणसांत वाढली तर तिला पुरी भाषा येते. हाताची, चेहऱ्याची, स्वतःच्या व्याकरणाची भाषा. २०११ च्या जनगणनेत ऐकण्याचं अपंगत्व असलेली माणसं देशात पन्नास लाखांहून जास्त नोंदली गेली. त्यांतल्या बायका आपल्या किती बैठकांना आल्या, ते प्रत्येकीने आपल्या तालुक्यापुरतं आठवून पाहावं.

ही भाषा मारायचे प्रयत्न झाले. १८८० साली इटलीतल्या मिलान शहरात बधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली. तिथे ठराव झाला की मुलांना ओठ वाचायला आणि तोंडाने बोलायलाच शिकवायचं, खुणा बंद. मतं देणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे होते. त्याच दशकात मुंबईत आपल्याकडची पहिली शाळा निघाली आणि पुढे आपल्या अनेक शाळांनीही तोच रस्ता धरला. वर्गात हात बाकावर ठेवून ‘प, फ, ब, भ’ घोटायचं. भाषा जगली ती वसतिगृहात, रात्री, दिव्याखाली, मोठ्या मुलींकडून धाकट्या मुलींकडे. बायकांची गाणी जात्यावर जगली, त्यातलाच हा प्रकार.

आता नाटकाकडे येते. अमेरिकेत १९६७ साली डेव्हिड हेज या नेपथ्यकाराने बधिरांचं राष्ट्रीय नाट्यपथक उभं केलं. पद्धत अशी की बहुतेक नट बधिर, ते हातांनी बोलतात. सोबत दोन-तीन ऐकू येणारे नट, ते तेच वाक्य तोंडाने म्हणतात. हे नट पडद्यामागे माइक धरून बसत नाहीत. तेही रंगमंचावरच, नाटकातलेच कपडे घालून. म्हणजे एका पात्राला दोन देह.

तुम्ही विचाराल, दोन कशाला? एकच नटी बोलता बोलता खुणा का करत नाही? कारण जमत नाही. आपल्याकडच्या खुणांच्या भाषेत ‘नाही’ वाक्याच्या शेवटी येतं, ‘काय’, ‘कोण’, ‘कुठे’ हेही शेवटी. प्रश्न विचारला की नाही ते भुवया सांगतात. कोण कुणाला मारतं ते हाताची दिशा सांगते. तोंडाने मराठी बोलत गेलात की हात मराठीच्या मागे फरफटतात आणि खुणांची भाषा मोडते. हात नीट चालवलेत तर मराठी मोडते. दोन्ही भाषांचा मान राखायचा तर दोन माणसं लागतात. म्हणजे ही जोडी शोभेसाठी केलेली युक्ती नाही, भाषेची गरज आहे.

जाता जाता एक गंमत. आपल्या खुणांच्या भाषेत ‘बाई’ दाखवायला बोट नाकपुडीच्या बाजूला लावतात, जिथे फुली असते तिथे. ‘पुरुष’ म्हणजे मिशी. आमच्या गटातल्या एकीने विचारलं, नवरा मेल्यावर फुली काढतात, मग ती बाई राहत नाही का? सगळ्या हसल्या. मग कुणी हसेना.

असो. तर एका पात्राला दोन देह म्हटल्यावर पुढचा प्रश्न येतो, आणि तो आपल्या कामाचा आहे. आवाज कुणाचा? ही घोषणा वेगळ्या कारणांसाठी आपल्या कानावर पडलेली आहे, पण इथे ती शब्दशः घ्या.

मार्क मेडॉफ यांचं ‘चिल्ड्रन ऑफ अ लेसर गॉड’ हे नाटक १९८० साली ब्रॉडवेवर आलं. नायिका सारा, बधिर, तोंडाने बोलायला ठाम नकार देणारी. नायक तिचा शिक्षक, पुढे नवरा, तिने बोलायला शिकावं म्हणून धडपडणारा. साराची भूमिका फिलिस फ्रेलिक या बधिर अभिनेत्रीने केली आणि तिला टोनी पारितोषिक मिळालं. त्याच कथेवरच्या सिनेमासाठी मार्ली मॅटलिन या बधिर अभिनेत्रीला १९८७ मध्ये ऑस्कर मिळालं, तेव्हा ती एकवीस वर्षांची होती. इथवर सगळं अभिमानाचं. पण या नाटकात साराच्या खुणांचा अर्थ प्रेक्षकांना कोण सांगतो? नवरा. ती हात हलवते, तो तिचं वाक्य आपल्या आवाजात म्हणतो आणि मग त्याला उत्तरही देतो. भांडण नवरा-बायकोचं आणि दोन्ही बाजू नवऱ्याच्या तोंडून! नाटकाचा विषयच हा की मला माझं म्हणणं असू दे, माझ्या वतीने तू ठरवू नकोस. आणि नाटकाची बांधणी त्याच्या उलट. लेखकाने ते जाणूनबुजून केलं असं म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. मला वाटतं ऐकू येणाऱ्या प्रेक्षकाची सोय पाहिली गेली आणि त्या सोयीची किंमत साराने दिली. आपल्याकडे ठाण्यात जबाब होतात तेव्हा काय होतं ते आठवा. बाई बसलेली, दीर उभा आणि जबाब दिराच्या तोंडचा.

याच्या उलट एक प्रयोग आहे. लॉस एंजेलिसला १९९१ साली एड वॉटरस्ट्रीट या बधिर रंगकर्मीने ‘डेफ वेस्ट’ नावाची संस्था काढली. २०१५ साली त्यांचं ‘स्प्रिंग अवेकनिंग’ हे संगीत नाटक ब्रॉडवेवर झालं. मूळ नाटक जर्मन, १८९१ चं, फ्रँक वेडेकिंडचं. वेंडला नावाची वयात येणारी मुलगी आईला विचारते, मूल कसं होतं? आई लाजते, टाळते, सांगत नाही. मुलगी काही न कळता गरोदर राहते आणि आईनेच करवलेल्या चोरट्या गर्भपातात मरते. डेफ वेस्टच्या प्रयोगात वेंडला झाली होती सँड्रा मे फ्रँक ही बधिर अभिनेत्री. तिचा आवाज झाली केटी बोक, गिटार घेतलेली, सतत तिच्याजवळ असणारी. नवऱ्याचा आवाज नाही, आईचाही नाही, एका बरोबरीच्या मुलीचा. दिग्दर्शक मायकेल आर्डेन याने त्या नाटकाला मिलानच्या ठरावाचा काळ जोडून दिला. त्यामुळे शाळेतले मास्तर मुलांचे हात बंद करतात आणि घरातली आई तोंड बंद ठेवते, हे दोन्ही एकदम दिसतं.

मैत्रिणींनो, पाळी म्हणजे काय हे बधिर मुलीला कोण सांगतं? ऐकू येणाऱ्या मुलीला निदान विहिरीवर, शेतात, शाळेच्या मागे चोरून चार गोष्टी कानावर पडतात. कानावर पडणं हाच जिचा रस्ता बंद, तिला मुद्दाम सांगावं लागतं आणि मुद्दाम सांगण्याची भाषा घरात कुणाला येत नाही. ‘जेव’, ‘ये’, ‘गुरं आण’, ‘भांडी घास’ एवढ्या खुणा घराला पुरतात. त्यांत ‘मला त्याने हात लावला’ ही खूण नसते. शव्वीस-सत्तावीसच्या बायका आमच्या गटात आल्या, त्यांना आपलं लग्न का मोडलं ते ठाऊक नव्हतं. कुणी सांगितलंच नाही.

डेफ वेस्टच्याच २००३ सालच्या ‘बिग रिव्हर’ या संगीत नाटकात एका गाण्यात मधेच सूर आणि वाद्यं थांबतात. हात चालू राहतात. अख्खं थिएटर शांत, गाणं मात्र चालूच. त्या काही क्षणांत ऐकू येणाऱ्या प्रेक्षकाचा आवाजाचा आधार जातो. ‘मुलगी झाली हो’ आपण सगळ्यांनी केलं आहे किंवा पाहिलं आहे. ज्योती म्हापसेकरांचं, स्त्री मुक्ती संघटनेचं, १९८३ पासूनचं. त्याची ताकद गाण्यांत आणि ढोलकीत. पुढच्या रांगेत बसलेल्या बधिर बाईला काय दिसतं? तोंडं उघडतात, मिटतात, लोक हसतात. तीही शेजारणीकडे बघून हसते. हे मी त्या नाटकाला नावं ठेवायला सांगत नाही. त्या नाटकाने आमच्या पिढीला घडवलं. पण आपण ‘सगळ्या बायकांसाठी’ म्हणतो तेव्हा ‘सगळ्या’ किती, ते मोजायला हवं.

आपल्या देशात काय आहे? सिनेमात ‘कोशिश’ आला १९७२ साली, संजीव कुमार आणि जया भादुरी. ‘खामोशी’ १९९६ साली, नाना पाटेकर आणि सीमा बिस्वास. काम चांगलं, शंका नाही. पण चौघेही ऐकू येणारे. एकेकाळी आपल्या दंडारीत बाईचं काम लुगडं नेसलेला गडी करायचा, त्याचंही काम चांगलंच असायचं. कोलकात्यात झरीन चौधुरींनी १९७३ साली ‘द अ‍ॅक्शन प्लेयर्स’ हे बधिर नटांचं पथक सुरू केलं, त्यांचा भर मूकाभिनयावर. मूकाभिनय सगळ्यांना कळतो हे खरं. पण त्यात एक धोका मला वाटतो. मूकाभिनय म्हणजे खुणांची भाषा असं लोक धरून चालतात. भिंत चाचपडणं, फूल हुंगणं म्हणजे भाषा नव्हे. ‘गेल्या वर्षी कापूस विकून आलेले पैसे तू मला न विचारता दिलेस’ हे मूकाभिनयात सांगता येत नाही, खुणांच्या भाषेत येतं.

आणि आपल्या जिल्ह्यात? इथे बधिरांचं नाट्यपथक मला माहीत नाही. पण जिचं दुःख तिनेच रंगमंचावर यावं, हे आपल्याला नवं नाही. ‘तेरवं’ आठवा. श्याम पेठकरांनी लिहिलेलं, हरीश इथापेंनी बसवलेलं. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या बायका स्वतः त्यात उभ्या राहिल्या. त्यांतल्याच एक, कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे. २०१९ च्या जानेवारीत यवतमाळला ९२ वं साहित्य संमेलन झालं, नयनतारा सहगल यांचं निमंत्रण मागे घेतल्यावर उद्घाटन वैशालीताईंनी केलं. त्या प्रकरणात काय काय चुकलं यावर आपण पुष्कळ भांडलो आहोत, आज नको. मला एवढंच दाखवायचं आहे की शेतकऱ्याच्या विधवेवर भाषणं करणारे शेकडो होते आणि ती स्वतः बोलायला लागली तेव्हा तिचं बोलणं वेगळं होतं. पॅकेजबद्दल कमी, सासरच्यांच्या वागण्याबद्दल आणि जमिनीवरच्या नावाबद्दल जास्त.

हेच बधिर बायकांबरोबर करून पाहावं म्हणून आम्ही एका तालुक्याच्या गावी आठ जणींचा गट केला. पाच जणी बधिर मुलींच्या वसतिगृहात राहून आलेल्या. तिघी कधीच शाळेत न गेलेल्या, त्यांतली एक तांड्यावरची. त्या तिघींना फक्त घरच्या खुणा येत होत्या. शाळेतल्या पाच जणींनी पंधरा दिवसांत त्यांच्याशी असा संवाद जुळवला की मी आणि माझी सहकारी बघत राहिलो. घरच्या खुणेवरून भाषेच्या खुणेवर कसं न्यायचं, हे बधिर बाईला जेवढं जमतं तेवढं शिकलेल्या दुभाषाला जमत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

नाटुकलं त्यांनीच रचलं, मुलगी पाहण्याचं. पाहुणे विचारतात, मुलीच्या वतीने भाऊ उत्तरं देतो. ‘स्वयंपाक येते?’ ‘हो, सगळं येते.’ ‘लग्न कराचं हाय ना तिले?’ ‘हो हो, तिची काई ना नाई.’ भावाच्या प्रत्येक उत्तराच्या वेळी मुलगी हातांनी दुसरंच काही सांगते आहे. प्रेक्षकांना ते दिसतं, कळत नाही. मग तोच प्रसंग पुन्हा. या वेळी भाऊ ओठ हलवतो, आवाज नाही. मुलीच्या मागे एक बाई येऊन उभी राहते आणि मुलीच्या हातांचा आवाज होते: ‘मले शिवणाचं दुकान टाकाचं हाय. याले काहून इचारता? मले इचारा. हा मानूस मघापासून माह्या छातीकडे पाहून ऱ्हायला.’

पहिल्या प्रयोगाला मुलींच्या आया बसल्या होत्या. दुसऱ्यांदा प्रसंग सुरू झाला तेव्हा हसू थांबलं. एक आई म्हणाली, ‘मले वाटे तिले काई समजतच नाई.’ मुलगी चोवीस वर्षांची.

आवाज कुणाचा घ्यायचा, हे त्यांनी कसं ठरवलं ते सांगते. आमच्यात एक कार्यकर्ती आहे, गोड गळ्याची, शुद्ध बोलणारी. आम्हाला वाटलं तीच. त्यांनी दोघी-तिघींना उभं करून पाहिलं आणि दुसरीच निवडली, घोगऱ्या आवाजाची, वऱ्हाडी बोलणारी. कारण विचारलं. त्यांनी खुणेने सांगितलं: पहिली लोकांकडे बघून बोलते, ही आमच्याकडे बघून बोलते. नाटकातल्या आवाजाची एवढी नेमकी कसोटी मी कुठल्या पुस्तकात वाचली नाही. पुढे त्यांनी आणखी नियम केले. आमचं वाक्य संपल्याशिवाय तू थांबायचं नाहीस. आम्ही शिवी दिली तर तूही द्यायची. आमचं मराठी तोडकंमोडकं करून सांगायचं नाही, आमच्या भाषेत ते तोडकं नसतं. आणि टाळ्या पडल्या की तू मागे सरकायचंस.

आता जिथे हे नियम नाटकापेक्षा जास्त लागतात, तिथे येते.

तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’च्या शेवटी बेणारेबाई बोलतात तेव्हा बाकीची सगळी पात्रं थिजलेली असतात. ती सगळं सांगते आणि नाटकातलं कुणीच ऐकत नाही. बधिर बाईचं खरंखुरं कोर्ट असंच असतं. ती बोलते आणि खोली थिजलेली. आपल्याच विदर्भात, देसाईगंजच्या ठाण्यात १९७२ साली मथुरावर अत्याचार झाला. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडलं, कारण अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केल्याचं पटत नाही. तिथून चळवळ उठली, तो इतिहास तुम्हाला पाठ आहे. २०१३ च्या दुरुस्तीने संमतीची व्याख्या आली. शब्दांनी, हावभावांनी किंवा कोणत्याही शाब्दिक वा अशाब्दिक रीतीने बाईने स्पष्ट, स्वेच्छेने दिलेला होकार म्हणजे संमती. नुसता प्रतिकार केला नाही म्हणजे संमती नव्हे. हीच व्याख्या आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये आहे. ती ज्यांना सर्वांत जास्त लागू पडते त्यांच्यापर्यंत आपण ती नेलेली नाही.

दुसरं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे लैंगिक अत्याचाराची तक्रार करणारी स्त्री अपंग असेल तर पोलिसांनी तिच्या घरी किंवा तिच्या सोयीच्या जागी जायचं, दुभाषा किंवा विशेष शिक्षक सोबत हवा आणि सगळ्याचं व्हिडिओ चित्रण करायचं. साक्ष अधिनियमाच्या कलम १२५ प्रमाणे बोलू न शकणाऱ्या साक्षीदाराने लिहून किंवा खुणांनी दिलेली साक्ष ही तोंडी साक्षच मानायची. हे दोन्ही जुन्या कायद्यांतही होतं. ठाण्यात गेलात तर कलमाचा आकडा सांगा, आकड्याचा परिणाम होतो.

तिसरं सर्वांत महत्त्वाचं. राजस्थान राज्य विरुद्ध दर्शनसिंग या खटल्यात २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दुभाषा त्याच परिसरातला असावा, पण खटल्यात त्याचा काही हितसंबंध नसावा आणि त्यालाही शपथ द्यावी. नोंद नुसत्या अर्थाची नको, खुणांचीही हवी. आता बघा, पेच इथेच आहे. शाळेत न गेलेल्या बाईच्या घरच्या खुणा कुणाला कळतात? घरच्यांना. आणि हितसंबंध कुणाचा? घरच्यांचाच. जमिनीचा वाटा, लग्न, अब्रू, कधीकधी अत्याचार करणाराच घरातला. नागपूर-मुंबईहून प्रशिक्षित दुभाषा आणला तरी तिच्या खुणा त्याला लगेच कळणार नाहीत. त्यासाठी मघाशी म्हटलं ते लक्षात ठेवा. मधे एक बधिर बाई बसवायची. ती घरच्या खुणा समजून घेते, भाषेत आणते, मग दुभाषा मराठीत सांगतो. दोन पायऱ्या, दोघांनाही शपथ. वेळ लागतो. वकील कंटाळतात. कंटाळू द्या.

अशा बधिर बायका मिळायच्या कुठे? नाटकाच्या गटात. माझ्या डोक्यात या नाटुकल्यामागे हाच हेतू होता, लपवत नाही. दिल्लीला २०१५ पासून भारतीय सांकेतिक भाषेचं संशोधन-प्रशिक्षण केंद्र आहे, त्यांनी २०२१ पर्यंत दहा हजार शब्दांचा कोश केला, दुभाषांचे आणि बधिर शिक्षकांचे अभ्यासक्रम आहेत. आमच्या पाच जणींतल्या एकीला तिकडे जायचं आहे. भाऊ सोडत नाही. तो प्रसंग त्या आता नाटुकल्यात घालत आहेत.

उद्या आपण नवं पथनाट्य बसवायला घेणार आहोत, म्हणून कामाच्या चार गोष्टी. प्रयोग दिवसाउजेडी करा. रात्री करायचा झाला तर दिवा नटांच्या हातांवर आणि चेहऱ्यावर हवा, पाठीमागे नको, आणि गावात वीज जाते तेव्हा बॅटऱ्या सोबत ठेवा. अंधार पडला की बधिर प्रेक्षकाचं नाटक संपतं. हातात बोर्ड, काठी, डफ देऊ नका, हात मोकळे लागतात. नऊवारीचा रंग हातांच्या रंगात मिसळणारा नको. बधिर बायकांना गर्दीच्या कडेला बसवू नका, समोर बसवा. आणि संहिता लिहून झाल्यावर त्यांना बोलावू नका. सकाळी साडेनऊला सुरुवात आहे, आठ जणींपैकी सहा जणी येणार आहेत. ज्या कुणाला आवाज व्हायचं आहे तिने साडेआठला यावं, निवड त्या करतील.